पापलेटाची पिल्लं आणि जूनमधल्या वह्या

मुलांनो, तुमच्या कंपासपेटीत पंधरा सेंटिमीटरची पट्टी असेलच. ती जरा बाहेर काढा. शून्यापासून साडेतेरा सेंटिमीटरवर पेन्सिलीने एक खूण करा. केली? ही झाली १३५ मिलिमीटरची खूण. आता नीट ऐका हं. पापलेट, म्हणजेच सरंगा, या खुणेपेक्षा लहान असेल तर महाराष्ट्रात तो पकडायचाही नाही आणि विकायचाही नाही, असा नियम आहे. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी अशा कमीत कमी लांब्या ठरवून दिल्या. बोंबलासाठी १८० मिलिमीटर, म्हणजे तो तुमच्या पट्टीवर मावतच नाही! सुरमईसाठी ३७०. त्याच वर्षी पापलेटाला 'राज्य मासा' हा मानही मिळाला. शेकरू, हरियाल, जारूळ अशी यादी तुम्ही पाठ केली असेल, तिच्यात या चंदेरी माशाची भर घाला.

ही लांबी कशावरून ठरवली? तर साधारण तेवढा वाढल्याशिवाय मासा अंडी घालायच्या वयाचा होत नाही. पिल्लू पकडलं की ते तर गेलंच, त्याला पुढे होणारी पिल्लंही गेली. आमच्या चौथीच्या फळ्यावर मी एकदा हा हिशेब मांडला होता. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, बाजारभाव नव्हेत.) वीस पिल्लांची एक किलो मासळी झाली आणि तिला दोनशे रुपये आले. तीच पिल्लं वाढू दिली. त्यातली बारा मेली, मोठ्या माशांनी खाल्ली. उरली आठ, प्रत्येकी तीनशे ग्रॅमची. किती झाली? दोन किलो चारशे ग्रॅम. मोठ्या पापलेटाला किलोला आठशेचा भाव धरला, तर १९२० रुपये! वर्गात शिट्ट्याच वाजल्या.

पण हिशेब फळ्यावर जितका चटकन सुटतो, तितका घरात सुटत नाही. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी मूळची घाटावरची. आमच्याकडे मासळी म्हणजे बाजारच्या दिवशीचं सुकट. नोकरी लागली ती रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक शाळेत. इथे येऊन तांडेल, खलाशी, डोल हे शब्द मी मुलांकडून शिकले. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. ते भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवतात आणि मासळी पाण्याबरोबर आपोआप आत येते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची घरं दर्यावर चालतात.

शाळा उघडते जूनच्या मध्याला. आणि समुद्र बंद होतो १ जूनला! पावसाळा हा पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळ, शिवाय दर्या खवळलेला. म्हणून यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. २०१५ साली केंद्र सरकारने पश्चिम किनाऱ्यावर ती ६१ दिवसांची केली, १ जून ते ३१ जुलै. पालघरकडच्या अनेक मच्छीमार संस्था तर म्हणतात, ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, मासळीला जरा आणखी वेळ द्या. मासळीच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. पण वह्या, छत्री, दप्तर, नव्या चपला हे सगळं विकत घ्यायची वेळही तीच. माझ्या वर्गात कोरी वही आणि नवं दप्तर दिसायला लागतं ते नारळी पौर्णिमेच्या पुढे. तोवर गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली पानं शिवून काम चालतं. मी त्यावरून कुणाला बोलत नाही.

होडीच्या मालकाचं एकवेळ निभतं. खलाशाचं काय? रत्नागिरीकडच्या होड्यांवर तर नेपाळहून आलेले खलाशीही असतात, ते बंदीत गावी जातात. इथले जाळी विणतात, होडीला रंग काढतात, नाहीतर मिळेल ती मजुरी धरतात. घर चालतं ते बायकांनी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या बोंबील-जवळ्यावर. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी एक तरतूद ठेवली: मच्छीमाराने १५०० रुपये भरायचे, सरकारने ३००० घालायचे आणि तीन महिन्यांत ते ४५०० त्याला मिळायचे. भागाकार करा बघू. दिवसाला पन्नास रुपये, आणि त्यातलेही एक तृतीयांश त्याचेच. माझं मत विचाराल तर हे फार कमी आहे. मासे वाढले तर फायदा सगळ्या राज्याचा, मग त्याची किंमत एकट्या खलाशाच्या घराने का भरावी?

मग बंदी नकोच, असं म्हणायचं का? नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाभोवती कॉड नावाचा मासा शतकानुशतकं भरपूर मिळायचा. मोठमोठ्या जहाजांनी तो इतका उपसला की २ जुलै १९९२ रोजी तिथल्या सरकारला ती मासेमारी थांबवावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचं काम गेलं. म्हणाले होते, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. ती बंदी उठली २०२४ साली! आपले एकसष्ट दिवस आणि त्यांची बत्तीस वर्षं. तिथल्या चौथीतली मुलं बाप्ये होऊन गावं सोडून गेली असतील.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या बाबांची छोटी होडी आहे. "बाई," तो म्हणाला, "आमच्या बाबांनी पिल्लं सोडली आणि मोठ्या बोटवाल्याने ती धरली, तर मग आमचं काय?"

खरं सांगते, इतका नेमका प्रश्न मला मोठ्या माणसांकडूनही क्वचित ऐकायला मिळतो. पर्ससीन हे प्रचंड जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने त्याला सप्टेंबर ते डिसेंबर असे चारच महिने ठेवले. रात्री पाण्यावर एलईडीचे झगझगीत दिवे सोडून मासे गोळा करायलाही २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. तरीही असे दिवे आम्हाला किनाऱ्यावरून दिसल्याचं गावातले लोक सांगतात. एवढ्या समुद्रावर राखण करायची म्हणजे गस्तीच्या नौका पाहिजेत, माणसं पाहिजेत.

त्या मुलाला मी केरळातल्या अष्टमुडी खाडीची गोष्ट सांगितली. कोल्लम शहराजवळच्या या खाडीत तिसऱ्या मिळतात, शिंपल्यातल्या. १९९१ साली तिथून सुमारे दहा हजार टन तिसऱ्या निघाल्या आणि दोनच वर्षांत उत्पादन निम्म्यावर आलं. तेव्हा शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळीचं भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको, यंत्राने उपसायचं नाही. आणि निर्यातीच्या मालात किलोला १४०० पेक्षा जास्त नग नकोत, म्हणजे बारीक तिसरी विकलीच जाणार नाही. शेवटचा नियम मला सगळ्यात आवडला, कारण तो काढणाऱ्यापुरता नाही, घेणाऱ्यालाही बांधतो. उत्पादन पुन्हा सावरलं, आणि २०१४ मध्ये ही खाडी जपून केलेल्या मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणारी भारतातली पहिली ठरली.

"पण ती खाडी आहे, बाई. आमचा दर्या आहे," तो म्हणाला. त्यालाही माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं.

घेणाऱ्याचं मात्र आपल्या हातात आहे. या मुलाची आजी बाजारात पाटी घेऊन बसते. मी तिला म्हटलं, "आजी, बारकं पापलेट ठेवूच नका ना." ती म्हणाली, "बाई, गिऱ्हाईक मागतं तेच मी पाटीत भरते. बारकं स्वस्त पडतं, तळायला बरं म्हणतात. मी नाय ठेवलं तर बाजूची ठेवते." तरी या वर्षी तिने नातवाच्या हट्टाने बारकं घेणं सोडलं. नातू माझी पट्टी मागून नेतो आणि पहाटे लिलावात आजीच्या मागे उभा राहतो. पूर्वी तिची पाटी अकराला रिकामी व्हायची, आता एक वाजतो. परवा एका बाईंनी विचारलं, "लहान नाहीत का?" आजीने नियम सांगितला. त्या बाजूच्या पाटीकडे गेल्या, आणि थोड्या वेळाने परत येऊन एकच मोठं पापलेट घेऊन गेल्या.