मणी बोटांत धरून

वसईच्या गावांत संध्याकाळ आधी वाडीत उतरते. केळीच्या बागेत काळोख दाटतो, चर्चची घंटा होते, अंगणातल्या क्रूसापुढे मेणबत्ती लागते आणि ओटीवरच्या गप्पा थांबतात. मग घरात रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, सुरू होते. पाच रहस्यं, प्रत्येकाला दहा ‘नमो मारिया’. तेवढ्यात भाताला कढ येतो. मणी बोटांत तसाच धरून आजी सुनेला म्हणते, ‘गॅस बारीक कर गं,’ आणि जिथे थांबली तिथून प्रार्थना पुढे नेते. हा व्यत्यय वाटेल, पण या घरांची श्रद्धा पाहायची तर याच क्षणी पाहावी. भाताची काळजी आणि देवाची आळवणी इथे एका श्वासात मावतात, कारण ज्याला आळवायचं तो येशूही सुताराच्या घरात वाढला. पिठात खमीर कालवणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, जुन्या वस्त्राचं ठिगळ, हे सगळं त्याच्या दाखल्यांत आलं ते घरातूनच.

ही नुसती सवय आहे, असं कुणी म्हणेल. ते खोटं नाही. मुलं पेंगतात, ओठ हलतात आणि मन भलतीकडे असतं. पण मयताच्या घरी जेव्हा कुणाला काही सुचत नाही, तेव्हा हेच पाठ झालेले शब्द तोंडी येतात. या सवयीची ताकद इतिहासातही दिसते. १७३९ मध्ये मराठ्यांच्या चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथली पोर्तुगीज सत्ता संपली. सत्तेच्या सावलीत रुजलेला धर्म तिच्याबरोबर जायला हवा होता. तो राहिला. देशी धर्मगुरूंनी चर्च सांभाळली हे तर आहेच, पण नुसत्या चर्चच्या भिंतींवर श्रद्धा इतकी वर्षं तगत नाही. ती आईकडून लेकीकडे, इथल्याच बोलीत, चुलीपाशी गेली असली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. तुळशीच्या जागी क्रूस, लग्नात ‘उंबराचं पाणी’ हा विधी, आगेरा या सुगीच्या सणाला भाताच्या नव्या लोंब्यांवर आशीर्वाद. यात ख्रिस्ती ते काय? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना पुन्हा उठलेल्या येशूने शास्त्र उलगडून सांगितलं, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते घरात, जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. ज्या मातीत जी भाकर पिकते, तीच तिथे मोडली जाणार.

रोझरी संपते. मुलं एकेक करून थोरांपुढे हात जोडतात आणि आशीर्वाद मागतात. दुपारी जिने रागे भरलं त्या आईपुढेही मान वाकवावी लागते, आणि तिलाही त्याच डोक्यावर हात ठेवावा लागतो. मग पानं वाढली जातात.