न्याहाळकातले लेखन

ब्राउझरला मराठीत काहींनी ‘न्याहाळक’ असा प्रतिशब्द सुचवला. तो समर्पक आहे, कारण ते साधन मुळात दुसऱ्याने लिहिलेले न्याहाळण्याचे. २०१४ साली गिटहबने ‘अ‍ॅटम’ हा संपादक लोकांपुढे आणला, तेव्हा त्याच्या पोटात मात्र अख्खा क्रोमियम ब्राउझर लिहिण्यासाठी बसवलेला होता. त्यासाठी रचलेला सांगाडा पुढे ‘इलेक्ट्रॉन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१५ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोडही त्यावरच उभा आहे.

चार ओळी खरडण्यासाठी एवढी स्मृती खाणाऱ्या या प्रकाराला अनेक प्रोग्रामर नाके मुरडतात, आणि ते रास्तही आहे. आमचा हिशेब मात्र निराळा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर, आणि ते तोललेले आहे ते रकाराच्या एका वळणावर. अक्षरे अशी जुळवण्याचे काम क्रोमियममध्ये हार्फबझ नावाची प्रणाली करते. जगभरच्या लिप्यांतील पाने दाखवणे हे ब्राउझरचे कामच. त्यामुळे प्रोग्रामरांसाठी घडवलेल्या संपादकाला देवनागरी आयती लाभली.

युनिकोडपूर्व काळात एका मुद्रणालयाच्या फॉन्टात बांधलेले आमचे काही लेख आज रोमन चिन्हांचा चिवडा होऊन पडले आहेत. फॉन्ट गेला, मजकूर गेला. याउलट अ‍ॅटमचे काम १५ डिसेंबर २०२२ रोजी कायमचे थांबले, तरी त्यातली आमची टिपणे दुसऱ्या संपादकात जशीच्या तशी उघडली. अर्थात हे श्रेय युनिकोडचे आणि साध्या मजकुराच्या धारिकेचे, ब्राउझरचे नव्हे.

तरीही हे घर आपल्यासाठी बांधलेले नाही, हे पदोपदी जाणवते. प्रोग्रामराचा संपादक समान रुंदीच्या चौकटींत विचार करतो. ‘कार्त्स्न्य’ हा शब्द आपल्या लेखी दोन अक्षरांचा, युनिकोडच्या लेखी अकरा चिन्हांचा. खोडताना एक कळ दाबली की अक्षर जात नाही, नुसता ‘य’ गळून पडतो आणि मागे पाय मोडका ‘न्’ उरतो. आणखी एक गंमत. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण एचटीएमएलमध्ये करता येते, आणि फॉन्टात सोय असेल तर त्या खुणेनुसार ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. ही सोयही संपादकाच्या पोटात आहेच. पण त्याच्या चौकटीवर खूण असते इंग्रजीची, आणि आमच्या मराठी लेखातले ‘ल’ आणि ‘श’ बहुधा हिंदी वळणाचेच दिसतात.