लायडर

‘लायडर’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘दुर्दैवाने’. पुण्यात बी-वनपर्यंतचे वर्ग केले तेव्हा हा शब्द कधीतरी येऊन गेला असणार, पण तो खरा शिकवला जीमेलने. नकाराची मेल मी आता वाचत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत हा शब्द दिसला की अर्काइव्ह. फेब्रुवारीत सुरू केलेल्या एक्सेल शीटमध्ये आज, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, १६४ ओळी आहेत. त्यात ९७ लायडर, ९ इंटरव्ह्यू, बाकीच्यांनी काहीच कळवलेलं नाही.

मी लाइपझिगला राहतो, शान्सनकार्टेवर. जर्मनीने १ जून २०२४ पासून सुरू केलेला हा परवाना: हातात नोकरी नसताना या, वर्षभर राहा आणि शोधा. डिग्री पूर्ण मान्य असेल तर थेट मिळतो. नसेल तर वय, अनुभव, भाषा असे गुण मोजतात, किमान ६ लागतात. शोधताना आठवड्याला २० तास कुठलंही काम करता येतं, आणि एखाद्या कंपनीने बोलावलं तर दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणूनही.

माझ्या युनिव्हर्सिटीचं नाव त्यांच्या डेटाबेसमध्ये हिरवं होतं, त्यामुळे गुणांची भानगड आली नाही. पैशांची आली. वर्षभर पोट भरता येईल हे दाखवायला महिना १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२, एका बंद खात्यात आधीच भरावे लागतात. रुपयांत बारा लाखांच्या आसपास. पाच माझे, सात अण्णांचे. अण्णा एसटीत मेकॅनिक होते, कराड डेपोला. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांची एफडी होती, ती मोडली. या खात्याची गंमत अशी की पैसे तुमचेच, पण एकदम काढता येत नाहीत. दर महिन्याला १,०९१ सुटतात, पेन्शनसारखे. फक्त इथे मुलगा पेन्शन खातोय.

‘चांगली नोकरी सोडून का गेलास?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर गुळगुळीत झालंय. हिंजवडीत पाच वर्षं बॅकएंड लिहिला, क्लायंट जर्मनच होता. स्टँडअपला स्क्रीनच्या पलीकडे बसलेला माझ्याच वयाचा माणूस माझंच काम करायचा आणि संध्याकाळी पाचला ‘शोनेन फायराबेंट’ म्हणून लॅपटॉप मिटायचा. तेव्हा आमच्याकडे साडेआठ-साडेनऊ वाजलेले असायचे आणि आम्ही त्याच्या कमेंट्स दुरुस्त करत बसायचो. पगारापेक्षा हे जास्त टोचायचं. अमेरिकेचा विचार केला नाही असं नाही. पण एच-वन-बीला आधी कंपनी लागते, मग लॉटरी. आता तर बाहेरून नव्याने अर्ज करायचा तर सप्टेंबरपासून एक लाख डॉलरचं शुल्क आलंय. इथे निदान दारात उभं राहून बेल वाजवता येते.

बेल वाजवतोय. दरम्यान रात्री पार्सल लावतो. एअरपोर्टकडच्या एका गोदामात, तासाला १२.८२ युरो, म्हणजे सरकारने ठरवलेलं किमान वेतन. बेल्टवर माझ्या उजवीकडे सीरियाचा एक डेंटिस्ट असतो. तो डिग्री मान्य व्हायची वाट बघतोय. आम्ही दोघं मोडक्या जर्मनमध्ये एकमेकांच्या चुका काढतो. माझं जर्मन वर्गात झालं त्यापेक्षा या बेल्टवर जास्त सुधारलं. ग्रूनाऊमधल्या जुन्या पूर्व जर्मनीच्या काँक्रीटच्या इमारतीत खोली आहे. तिथे भाडं परवडतं, एवढंच तिचं कौतुक.

नोकरी का मिळत नाही, याचं सगळ्यात मोठं उत्तर भाषा. जाहिरात इंग्रजीत असते आणि खाली एका ओळीत ‘अस्खलित जर्मन’. पण मला खरा धक्का दिला तो त्साइगनिसने.

इथे नोकरी सोडताना कंपनीकडून कामाचं प्रशस्तिपत्र घ्यायचा कायदेशीर हक्क आहे. ते भलं बोलणारं असावं आणि खरंही असावं, अशी अपेक्षा. आता आळशी माणसाबद्दल भलं आणि खरं एकाच वेळी कसं लिहायचं? मग एक सांकेतिक भाषा तयार झाली. ‘सदैव आमच्या पूर्णतम समाधानास उतरले’ म्हणजे पहिला नंबर. ‘सदैव’ आणि ‘पूर्णतम’ गळाले, नुसतं ‘आमच्या समाधानास उतरले’ उरलं, की जेमतेम पास. आणि ‘त्यांनी नेहमी प्रयत्न केले’ असं लिहिलं तर तो माणूस नापास! आपल्याकडे लग्न जमवताना ‘मुलगा स्वभावाने शांत आहे’ म्हणतात, तसंच.

पुण्याच्या कंपनीने मला रिलीव्हिंग लेटर दिलं. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, शुभेच्छा. पाच वर्षांची चार ओळींत वासलात. इथल्या एका एचआर बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि सौम्यपणे विचारलं, ‘तिथे काही झालं होतं का?’ नंतर जुन्या मॅनेजरला गळ घातली. त्याने बिचाऱ्याने रविवारी बसून, मी दिलेला साचा वापरून, दीड पानी पत्र लिहून दिलं. त्यात ‘सदैव’ आहे. त्यानंतरच्या दोन महिन्यांत पाच इंटरव्ह्यू आले. हा योगायोगही असेल. मला तसं वाटत नाही.

पाचांपैकी एकीने तीन दिवस चाचणीला बोलावलं. पंधरा माणसांची कंपनी, छापखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. तिसऱ्या दिवशी मालकाने ऑफर दिली: वर्षाला ४२,००० युरो.

ब्लू कार्डासाठी आयटीवाल्यांना २०२५ मध्ये किमान ४३,७५९.८० लागतात. २०२४ मध्ये ४१,०४१.८० होते, म्हणजे गेल्या वर्षी हीच ऑफर चालली असती. आत्ता १,७५९.८० कमी पडतात. ४२,००० वरही कुशल कामगाराचा साधा परवाना मिळू शकतो. फरक पुढे आहे. ब्लू कार्डवर बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, साध्यावर ३६. कायमचा परवाना म्हणजे उद्या छोटी कंपनी बुडाली, नोकरी गेली, तरी बॅग भरावी लागत नाही. पंधरा महिने जास्त टांगणीला राहायचं, की हातातली एकमेव ऑफर ताणून बघायची? माझी मुदत ११ फेब्रुवारीला संपते.

आईला म्हटलं, ‘मिळाल्यासारखी आहे.’ ती देवाजवळ साखर ठेवायला गेली. फोन अण्णांनी घेतला.

‘कमी पडत्यात ते किती म्हणायचे?’

‘पावणेदोन लाखांच्या वर. वर्षाचे.’

‘मग माग की. त्यो काय न्हाई म्हणंल. मारणार हाय का?’

‘आणि ऑफरच काढून घेतली तर?’

ते थोडा वेळ बोलले नाहीत. सात लाखांचा विषय त्यांनी आठ महिन्यांत एकदाही काढलेला नाही, आताही काढला नाही. मग म्हणाले, ‘तीन दिवस काम बघितलंय न्हवं त्यानं तुझं? मग माग.’

त्या रात्री मेल लिहिली. ४३,८०० मागितले, ब्लू कार्डाचा नियम जोडला, वर ‘सदैव’वालं पत्र पुन्हा एकदा. सकाळी ऑटोमॅटिक उत्तर आलं: मालक दोन आठवडे सुट्टीवर आहेत.

‘सुट्टीवर? आन् हितं माणूस लटकलाय त्येचं काय?’ अण्णा म्हणाले. ‘फोन लाव त्येला.’

सुट्टीवरच्या माणसाला इथे कामासाठी फोन करत नाहीत, असं मी सांगितलं. ते त्यांना अजिबात पटलं नाही.