विक्रम झाला, प्रवेश हुकला

टोकियो ऑलिम्पिकमध्ये 30 जुलै 2021 रोजी, 3000 मीटर स्टीपलचेसच्या दुसऱ्या हीटमध्ये, बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे 8 मिनिटे 18.12 सेकंदांत धावले. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता. तरीही त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला नाही.

स्टीपलचेस म्हणजे केवळ धावणे नव्हे. साडेसात फेऱ्यांच्या या शर्यतीत 28 वेळा तीन फूट उंचीचा भक्कम अडथळा पार करावा लागतो आणि 7 वेळा अडथळ्यापलीकडच्या पाण्यात उतरावे लागते. या प्रकारात गोपाल सैनी यांचा 1981 सालचा 8 मिनिटे 30.88 सेकंदांचा भारतीय विक्रम तब्बल 37 वर्षे अबाधित राहिला होता. सैन्याच्या महार रेजिमेंटमधील शेतकरीपुत्र साबळे यांनी 2018 साली भुवनेश्वर येथे तो मोडला आणि मग स्वतःचाच विक्रम ते पुनःपुन्हा मोडत राहिले. टोकियोसाठी 8 मिनिटे 22 सेकंद ही प्रवेशमर्यादा होती. ती त्यांनी 2019 सालीच, दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत, 8 मिनिटे 21.37 सेकंद अशी वेळ देऊन ओलांडली होती.

मग टोकियोत अडले कोठे? तेव्हाचा नियम असा होता : तीन हीट, प्रत्येकीतील पहिले तिघे थेट अंतिम फेरीत, आणि उरलेल्या सर्वांतून सर्वांत वेगवान असे सहा जण. साबळे यांची हीट अतिशय वेगवान निघाली. तीत ते सातवे आले. तिसरी हीट मात्र संथ झाली. तिचे विजेते, मोरोक्कोचे सुफियान अल बक्काली, यांची वेळ 8 मिनिटे 19 सेकंद, म्हणजे साबळे यांच्याहून जवळजवळ एका सेकंदाने अधिक. त्या हीटमधील पहिले तिघेही साबळे यांच्यापेक्षा मंद धावूनही आत गेले, आणि साबळे बाहेर राहिले. पुढे अल बक्काली यांनीच सुवर्णपदक जिंकले. तेव्हा त्यांची संथ धाव दुबळेपणाची नव्हती, हे मान्य केले पाहिजे. जिंकण्यासाठी जेवढे पुरे, तेवढेच ते धावले.

विक्रम आणि पात्रता यांची खाती वेगळी असतात. विक्रमात माणूस स्वतःच्या कालच्या आकड्याशी स्पर्धा करतो. पात्रतेत शेजारच्या पट्ट्यातील माणसाशी. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही : गतवर्षीपेक्षा विक्री वाढली म्हणून बाजारातील आपले स्थान वर गेले असे होत नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी प्रवेशमर्यादा 8 मिनिटे 15 सेकंद अशी कडक झाली, आणि हीटचा नियमही बदलला. वेळेच्या आधारे मिळणारा प्रवेश संपला. प्रत्येक हीटमधील पहिले पाच आत, सहावा बाहेर, मग त्याची वेळ कितीही चांगली असो. हा नियम निष्ठुर वाटतो, पण तो अधिक न्याय्य आहे. पूर्वी दुसऱ्या हीटच्या धावपटूला आपला निकाल तिसऱ्या हीटच्या हाती सोपवून बसावे लागे. आता शेवटची रेषा ओलांडताच हिशेब पुरा होतो.

मधल्या काळात साबळे बरेच पुढे गेले होते. 1998 ते 2018 या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाकडेच गेली होती. 2022 साली बर्मिंगहॅमला साबळे यांनी रौप्यपदक मिळवून ती मालिका खंडित केली. सुवर्णपदक अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्णच मिळाले. 7 जुलै 2024 रोजी, ऑलिम्पिकच्या महिनाभर आधी, पॅरिसमध्येच त्यांनी 8 मिनिटे 9.91 सेकंद हा नवा राष्ट्रीय विक्रम नोंदवला.

ऑलिम्पिकच्या हीटमध्ये त्यांची वेळ 8 मिनिटे 15.43 सेकंद होती, स्वतःच्या विक्रमाहून साडेपाच सेकंदांनी मंद. क्रमांक पाचवा आला. या प्रकारात ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. अंतिम शर्यतीत ते 8 मिनिटे 14.18 सेकंदांत धावून अकरावे आले आणि सुवर्णपदक पुन्हा अल बक्काली यांच्याकडेच गेले.