दांड्याच्या टोकावरची धार

हॅलबर्डचं वजन साधारण दोन ते तीन किलो भरतं. दोन मीटरच्या आसपास लांब लाकडी दांडा, त्यावर रुंद पातं, वर भाल्याचं टोक आणि पात्याच्या पाठीला आकडी, एवढा सगळा संसार त्या वजनात बसवलेला असतो. चित्रपटांतले पहारेकरी हे शस्त्र एखादी तुळई पेलावी तसं पेलताना दिसतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझजवळ एका लोहाराच्या अंगणात ते माझ्या हातात आलं, तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो त्याचा चपळपणा. मागचा हात दांड्याच्या बुडाशी घट्ट, पुढचा हात सैल. मागचा हात जेमतेम वीतभर हलला, तर वरचं टोक हवेत मोठं वर्तुळ कापून जात होतं.

हा लोहार जुन्या युरोपीय शस्त्रांच्या प्रतिकृती घडवतो आणि त्याच्या ओळखीतली काही मंडळी त्या शस्त्रांच्या जुन्या युद्धविद्येचा सराव करतात. त्या दिवशी अंगणात ओल्या गवती चटयांच्या गुंडाळ्या उभ्या केल्या होत्या, त्यांच्या गाभ्याला बांबू. पण घाव घालण्याआधी त्यानं सगळ्यांना दांडा चाचपायला लावला. दांडा अ‍ॅशच्या लाकडाचा, सरळ रेषांचा, आणि गोल नव्हे तर अष्टकोनी. गोल दांडा मुठीत फिरतो आणि धार कुठं आहे हे बघावं लागतं. कोनांचा दांडा तळव्यालाच सांगतो की पातं कुठल्या दिशेला आहे. शस्त्र लांब असल्यानं पात्याचा कोन थोडा जरी चुकला, तरी घाव तिरपा पडतो आणि कापण्याऐवजी आपटतो. एवढी साधी तजवीज, पण या शस्त्राची निम्मी करामत तिच्यात आहे असं मला वाटतं.

मग पातं. ते आश्चर्य वाटावं इतकं पातळ होतं. दांड्याजवळ जाड आणि धारेकडे झपाट्यानं निमुळतं होत गेलेलं. लाकूड फोडायची कुऱ्हाड आणि ऊसतोडीचा कोयता यांत जो फरक, तोच इथं. फोडायच्या कुऱ्हाडीला पाचरीसारखं जाड अंग लागतं, कारण तिला लाकूड दुभंगायचं असतं. हॅलबर्डला मांस आणि हाड यांतून आरपार जायचं असतं. गटातल्या एका सडपातळ मुलीनं फार जोर न लावता, फक्त कमरेतून वळत घाव घातला. गुंडाळीचा वरचा तुकडा बांबूसकट तिरका निसटून खाली पडला. मीही घाव घातला. चटई कधी तुटली ते कळलंसुद्धा नाही; कळला तो धार बाहेर पडल्यावर खांद्यांना बसलेला ओढा. एवढं लांब शस्त्र एका घावानंतर थांबवून परत उचलायचं, हे काम घाव घालण्यापेक्षा अवघड आहे.

खरी परीक्षा कपड्याची होती. मध्ययुगातला साधा शिपाई लोखंडाच्या आधी कापड अंगावर चढवत असे. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या हुकुमात 25 ते 30 पदरी तागाच्या कापडाच्या अंगरख्यांचा उल्लेख आहे, आणि कापड वापरून मऊ झालेलं असावं असंही त्यात म्हटलं आहे. लोहारानं शिवून ठेवलेल्या तशा जाड गादीवर तेच पातं पडलं, तेव्हा वरचे काही पदर फाटले आणि धार तिथंच अडली. मागे ठेवलेल्या मातीच्या गोळ्यात मात्र खोल खळगा पडला होता. पोलादी पत्र्यावर तर नुसता ओरखडा आणि पोचा. नंतर त्यानं शस्त्र सरळ धरून भाल्याचं टोक गादीत खुपसलं, आणि ते पलीकडे निघालं. एकाच दांड्यावर तीन निरनिराळी टोकं का लागतात, हे या तीन वारांत स्पष्ट झालं. धार उघड्या अंगासाठी, टोक चिलखताच्या सांध्यांसाठी, आकडी घोडेस्वाराला खाली ओढण्यासाठी.

या शस्त्राचा पहिला मोठा बोलबाला झाला तो 15 नोव्हेंबर 1315 रोजी, स्वित्झर्लंडमधल्या मॉर्गार्टेनला. हाब्सबुर्ग घराण्याचा लिओपोल्ड आपल्या सरदारांसह तळ्याकाठच्या अरुंद वाटेनं चालला होता. एका बाजूला एगेरी तळं, दुसऱ्या बाजूला चढ. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी वरून हल्ला केला तेव्हा घोडे वळवायलाही जागा उरली नाही. विंटरटूरचा योहानेस नावाचा फ्रान्सिस्कन साधू तेव्हा शाळकरी मुलगा होता. हरून परतलेल्या लिओपोल्डला त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं आपल्या इतिवृत्तात त्यानं लिहिलं की, या शस्त्रांनी चांगल्या चिलखतातली माणसंही वस्तऱ्यानं कापावीत तशी कापली गेली. साखळ्यांची चिलखतं अजून प्रचलित होती, हा संदर्भ या वाक्याला आहे. शंभर वर्षांनी अंगभर पोलादी पत्रा आला आणि वस्तऱ्याची भाषा तशीच टिकणं शक्य नव्हतं.

म्हणून शस्त्र बदललं. सुरुवातीच्या हॅलबर्डचं पातं लांबट, धार सरळ आणि दांड्याला समांतर; पात्याच्या मागे दोन लोखंडी कडी, त्यांतून दांडा ओवलेला. पंधराव्या शतकात वरचं टोक लांब आणि चौकोनी छेदाचं होत गेलं, मागची आकडी जाडजूड झाली. दांड्यावरून खाली उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्याही आल्या, म्हणजे शत्रूच्या तलवारीनं मुंडकंच छाटलं जाऊ नये. लोहारानं या पट्ट्या स्वतः बसवलेल्या होत्या. त्यांचे खिळे दांड्यातून आरपार नेऊन दुसऱ्या बाजूला ठोकून पसरवलेले होते आणि त्यांच्यावर बोट फिरवलं तर जराही उंचवटा लागत नव्हता. पुढचा हात त्यांच्यावरून सरकणार असतो.

धारेचं काम मात्र संपलं नव्हतं. 5 जानेवारी 1477 ला नान्सीच्या लढाईत बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स पडला. दोन दिवसांनी त्याचं प्रेत गोठलेल्या पाण्यात सापडलं. डोकं हॅलबर्डच्या घावानं चिरलेलं, चेहरा लांडग्यांनी विद्रूप केलेला. त्याच्या वैद्यानं जुन्या जखमांच्या खुणांवरून आणि लांब नखांवरून त्याला ओळखलं. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा पुरावा तर हाडांचाच आहे. 1485 साली बॉसवर्थला मारला गेलेला हा राजा 2012 मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडला. तपासणीत मृत्यूच्या वेळच्या 11 जखमा मिळाल्या, त्यांतल्या 9 कवटीवर. कवटीच्या तळाचा एक भाग धारदार शस्त्रानं छाटला गेला होता. ते शस्त्र तलवार असेल किंवा हॅलबर्डसारखं दांड्याचं शस्त्र, असं संशोधकांचं मत आहे. त्या क्षणी राजाच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं, हेही जखमाच सांगतात. चिलखत उतरलं, निसटलं किंवा फाटलं की धारेचा अंमल पुन्हा सुरू होत असे.

हॅलबर्डला मागे सारलं ते चिलखतानं कमी आणि दुसऱ्या एका लांब शस्त्रानं जास्त. 1422 साली आर्बेदोला मिलानच्या सरदारांनी घोड्यांवरून उतरून, भाले पुढे धरून स्विस फौजेला मागे रेटलं. हॅलबर्डची लांबी तिथं अपुरी पडली. त्यानंतर स्विस सैन्यात पाइक, म्हणजे पाच मीटरच्या आसपास लांबीचे भाले, वाढत गेले आणि हॅलबर्डवाले चौकोनी व्यूहाच्या पोटात, निशाणाभोवती उभे राहू लागले. पाइकांची भिंत फुटून शत्रू आत शिरला की मग त्यांची पाळी. तिथं लांब पाइक निरुपयोगी, तलवार आखूड, आणि मधल्या अंतरावर हॅलबर्डला तोड नव्हती.

ग्राझच्या जुन्या शस्त्रागारात या बदलाचा शेवटचा टप्पा दिसतो. 1640 च्या दशकात बांधलेल्या त्या इमारतीत सुमारे 32,000 वस्तू लाकडी मांडण्यांवर ठेवलेल्या आहेत. उशिराच्या हॅलबर्डची पाती लहान, धार आत वळलेल्या चंद्रकोरीची, टोकं मात्र तलवारीइतकी लांबलचक. लोहार तिथं वारंवार येतो आणि या पात्यांच्या आकाराची टिपणं काढतो. अशा आत वळलेल्या धारेनं चटई कितपत कापता येते, हे त्याला पुढच्या प्रतिकृतीत पाहायचं आहे. त्याचं पातं त्यानं घडवायला घेतलं आहे.