पारगडचा एक दिवस

कडोलीहून पारगड एका दिवसात पाहून येण्यासारखा. तरीही साठी उलटेपर्यंत माझे तिकडे जाणे घडले नाही. गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, "आण्णा, उद्या गाडी काढू." कडोलीचे घर विकण्याविषयी बोलायला तो आला होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

बाची ओलांडून शिनोळीला महाराष्ट्र लागला. माती तीच, भाषा तीच. पाट्या तेवढ्या बदलतात. १९५६ पूर्वी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात राहिला आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो. माझ्या आत्याचे सासर चंदगडचे. तिचे माहेर एका रात्रीत परराज्य झाले! पुढे ती माहेरी यायची ती 'परदेशातून आले' असे हसत सांगत. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

चंदगडनंतर काजूच्या बागा संपून दाट रान सुरू होते. सह्याद्रीच्या अगदी कडेवर पारगड. पलीकडे कोकण आणि गोवा. पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी हा गड तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांच्या हाती दिला. गड जागता ठेवावा ही महाराजांची आज्ञा, असे इथले लोक सांगतात. त्या मावळ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. अनेक गडांवर आता केवळ चौथरे उरले आहेत. इथे मात्र अंगणात नाचणी वाळत होती.

पायऱ्यांनी मला चांगलेच दमवले. भवानीच्या देवळापाशी एका आजींनी पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला. त्यांची मुले मुंबईला होती. "मग तुम्ही का नाही जात?" मुलाने विचारले.

"गेले होते की. दोन महिने दार लावून बसले. इथं माझ्या दाराला कडीच नाही." मग त्यांनीच विचारले, "तुमचं गाव कंचं?"

"कडोली," मुलगा म्हणाला. गेली पंधरा वर्षे या प्रश्नाला तो 'पुणे' म्हणत आला आहे.

परतताना वाट वाकडी करून ताम्रपर्णीकाठच्या कोवाडला, रणजित देसाईंच्या गावी, चहा घेतला. अंधारून आले होते. बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, "मागची पडवी पावसाआधी शाकारून घ्यावी लागेल ना?"

विक्रीचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. कागद मात्र अजून कपाटातच आहेत.