दोन नावं एका कागदावर

प्रिय शुभा,



काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "अगं मावशी, हाडांच्या डॉक्टरांना कशाला सगळं सांगायचं? झोपेची गोळी घेते म्हटलं आणि विषय मिटवला." तुझा विषय मिटला, माझी मात्र झोप उडाली. एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी आहे, झोपेची नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे. कंबरेसाठी दिलेलं ट्रॅमाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिनलाही हात लावतं, हे बहुधा ठाऊक नसावं. आपल्या घरात तरी कोणी औषध लपवायला नको होतं गं.

दोन औषधं एकमेकांना कशी भिडतात, त्यासाठी लिबी झायनची हकीकत तुला सांगायलाच हवी. ४ मार्च १९८४ च्या रात्री ही १८ वर्षांची कॉलेजातली मुलगी न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. ताप होता, अंग थरथरत होतं. नैराश्यासाठी ती फेनेलझिन घेत असे. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडीन दिलं गेलं. ती शांत व्हायची सोडून जास्तच तळमळू लागली. तिला पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरच्या अंगावर त्या रात्री आणखी कितीतरी रुग्ण होते, त्यामुळे बांधून ठेवण्याच्या सूचना फोनवरूनच गेल्या. सकाळी ताप १०७ फॅरनहाइटवर गेला, हृदय थांबलं आणि पोरगी गेली.

वडील सिडनी झायन पत्रकार होते. ते हटले नाहीत. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये ८० तासांचा नियम अमेरिकाभर लागू झाला. मृत्यूच्या कारणावरून कोर्टात वाद झाला, कोकेनचाही मुद्दा निघाला. पण आज वैद्यकीय लेखनात तिचं नाव येतं ते सेरोटोनिन सिंड्रोमच्या संदर्भात. जगाने या प्रकरणातून डॉक्टरांच्या झोपेचा धडा घेतला. दोन औषधांचा धडा मात्र मागेच राहिला, आणि मला राग येतो तो याचाच.

सेरोटोनिन हा मज्जापेशींमधला निरोप्या. काम झालं की पेशी त्याला परत ओढून घेते, आणि एक एन्झाइम त्याची मोडतोड करतं. तुझी गोळी हे परत ओढणं रोखते. फेनेलझिन ती मोडतोडच बंद पाडायचं. एका औषधाने सहसा बिघडत नाही. त्यावर दुसरं पडलं की सेरोटोनिन साचत जातं. मग हातपाय कापतात, घाम फुटतो, जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, जीव कासावीस होतो. हाच सेरोटोनिन सिंड्रोम. डॉक्टर पाऊल झटक्यात वर वळवून धरतात. घोटा आपोआप उडत राहिला तर ती मोठी खूण. बहुतेकांना हा त्रास औषध बदलल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून २४ तासांच्या आत होतो. उतारा म्हणून जे सायप्रोहेप्टाडीन वापरतात, ते आपल्याकडे भूक वाढवायच्या सिरपमध्ये असतं. लहानपणी तुला पाजलेलंच!

घाबरवायला लिहीत नाही. नैराश्यावरच्या या गोळ्यांनी लाखो माणसं उभी राहिली, त्यात तूही. सुरुवातीची मळमळ, उडालेली झोप, कमी झालेली कामेच्छा हे बऱ्याच जणांना होतं, आणि त्यातलं शेवटचं लाजेपायी कोणी डॉक्टरांपुढे काढत नाही. ट्रॅमाडॉल आणि तुझी गोळी डॉक्टर कधीकधी जाणूनबुजून एकत्रही देतात, पण मग लक्ष ठेवून. तुझ्या बाबतीत लक्ष ठेवणार कोण? हाडांच्या डॉक्टरांना तर काही माहीतच नाही.

म्हणून माझं जुनंच पालुपद. प्रत्येक घरात प्रत्येक माणसाच्या गोळ्यांचा एक कागद हवा. नाव, डोस, कधीपासून. दाताच्या डॉक्टरांनाही दाखवायचा, कोपऱ्यावरच्या केमिस्टलाही. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अर्धशिशीच्या काही गोळ्या, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं लिनेझोलिड, सगळं या हिशेबात येतं. मधुमेहाची गोळी लोक चारचौघांत घेतात आणि मनाची गोळी मात्र पर्समधल्या डबीत दडवतात. ही लाज मला सहन होत नाही. लिबीच्या रात्री ती दोन नावं शेजारी शेजारी लिहून कोणी नीट वाचली असती, तर?

आता ऐक. पुढचं ट्रॅमाडॉल घेण्याआधी तुझ्या मानसोपचार डॉक्टरांना फोन कर. आणि घाबरून एस्सिटालोप्राम एकदम तोडू नकोस. त्याने चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. कापरं, ताप, तळमळ असं काही वाटलं तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठ.

आणखी एक. तुझी आई परवा फोनवर एकच गोष्ट तीनतीनदा विचारत होती. तीही वर्षभर सर्ट्रालिनवर, म्हणजे तुझ्याच प्रकारच्या गोळीवर आहे, वर गुडघ्यांसाठी आयब्युप्रोफेन. या जोडीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि उतारवयात सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घसरून माणूस गोंधळतो. वय झालं म्हणून सोडून देऊ नकोस. शौचाचा रंग काळा दिसतो का, तेही विचार. ती आपणहून सांगायची नाही. याच आठवड्यात तिचं रक्त तपासून घे आणि सोडियमचा आकडा मला लगेच कळव.

तुझी,
मावशी